सीमाधोरणाची परीक्षा सीमेवरच

भारत आणि बांगलादेश यांच्यामधील सीमा ४,०९६ किलोमीटर लांब आहे. भारताची एवढी लांब भू-सीमा दुसऱ्या कोणत्याही देशाशी नाही. तिच्यापैकी २,२१७ किलोमीटर एकट्या पश्चिम बंगालच्या वाट्याला येतात. उरलेली सीमा त्रिपुरा, मेघालय, मिझोराम आणि आसाम या राज्यांना लागून आहे. ही सीमा नद्यांच्या पात्रांतून, भाताच्या खाचरांतून, डोंगरउतारांवरून आणि काही ठिकाणी थेट वस्त्यांमधून जाते. तिच्याविषयीची धोरणे गेली पाऊणशे वर्षे आधी दिल्ली व कराची आणि नंतर दिल्ली व ढाका येथे ठरत आली आहेत. या धोरणांत संरक्षण, घुसखोरी आणि तस्करी हे तीन विषय कायम अग्रभागी राहिले. सीमेवर राहणाऱ्या लोकांची दखल घेतली गेली ती बहुतेक वेळा संशयित म्हणून, आणि क्वचित निर्वासित म्हणून.

विलेम व्हान शेंडेल या डच इतिहासकार-मानववंशशास्त्रज्ञाने हा दृष्टिकोन मुळापासून तपासला. ॲम्स्टरडॅम विद्यापीठात आधुनिक आशियाच्या इतिहासाचे प्राध्यापक राहिलेल्या व्हान शेंडेल यांनी अनेक दशके बंगालच्या ग्रामीण समाजाचा अभ्यास केला. २००५ मध्ये त्यांचा ‘द बेंगॉल बॉर्डरलँड’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. फाळणी ही १९४७ मध्ये घडून संपलेली घटना नाही. सीमा आखली गेली त्या दिवसापासून सीमावर्ती समाज घडायला सुरुवात झाली आणि तो आजही घडतो आहे, हे या ग्रंथाचे मध्यवर्ती प्रतिपादन आहे. त्यातून धोरणाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा निष्कर्ष निघतो. एखादे सीमाधोरण यशस्वी झाले की फसले, हे राजधानीतल्या फायलींवरून सांगता येत नाही. रेषेच्या दोन्ही बाजूंना त्याने काय घडवले, यावरूनच ते सांगता येते. अशा मोजमापाकडे सीमावासीयांवरची मेहेरबानी म्हणून पाहिले जाते; प्रत्यक्षात त्याची सर्वाधिक गरज राज्यसंस्थेलाच आहे.

निवाडा आणि जमीन

सर सिरिल रॅडक्लिफ ८ जुलै १९४७ रोजी भारतात आले. त्यापूर्वी त्यांनी हा देश पाहिलेला नव्हता. पंजाब आणि बंगाल या दोन्ही प्रांतांची विभागणी करण्यासाठी त्यांच्या हाती पाच आठवडे होते. बंगाल सीमा आयोगात त्यांच्यासोबत चार भारतीय न्यायाधीश होते, दोन हिंदू आणि दोन मुस्लिम. त्यांच्यात एकमत होणे शक्यच नव्हते, त्यामुळे निर्णय रॅडक्लिफ यांच्या एकट्याच्या हाती राहिला. मुस्लिम आणि मुस्लिमेतर बहुसंख्येचे सलग प्रदेश वेगळे करावेत आणि इतर बाबीही विचारात घ्याव्यात, एवढीच आयोगाची कार्यकक्षा होती. ‘इतर बाबी’ कोणत्या, हे कोणी स्पष्ट केले नव्हते.

निवाडा जाहीर झाला १७ ऑगस्टला, म्हणजे स्वातंत्र्यानंतर दोन दिवसांनी. या मधल्या काळात मुस्लिमबहुल मुर्शिदाबाद जिल्ह्यात पाकिस्तानचा आणि हिंदुबहुल खुलना जिल्ह्यात भारताचा झेंडा फडकत होता. निवाड्यात मुर्शिदाबाद भारताकडे आणि खुलना पाकिस्तानकडे गेले. चितगावच्या डोंगरी प्रदेशात मुस्लिम वस्ती अगदी नगण्य होती, तरीही तो प्रदेश पाकिस्तानला देण्यात आला. गारो, खासी, त्रिपुरी आणि चकमा लोकांच्या मुलखात तर हिंदू-मुस्लिम ही विभागणीच गैरलागू होती. धर्माच्या आधारे देश वेगळे करणारी रेषा म्हणून जिची ओळख आहे, ती आपल्या लांबीच्या मोठ्या भागात दोन धर्मांना वेगळे करतच नाही. ही विसंगती नेमकी कुठे आणि किती आहे, हे व्हान शेंडेल यांनी सीमेच्या टप्प्याटप्प्याने दाखवले.

सीमा आखताना पायाभूत घटक कोणता मानायचा, हा प्रश्न मराठी वाचकाला परका नाही. बंगालमध्ये रॅडक्लिफ यांनी जिल्हा आणि पोलीस ठाण्याची हद्द हे घटक मानले. महाराष्ट्र-कर्नाटक वादात महाराष्ट्राने सातत्याने ‘खेडे हा घटक’ हे सूत्र मांडले, ते पाटसकर निवाड्याच्या आधारावर. त्या वादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या एकसदस्य आयोगाचे मेहेरचंद महाजन हे १९४७ मध्ये पंजाब सीमा आयोगाचे सदस्य होते. राज्यांमधली सीमा ओलांडायला परवाना लागत नाही, त्यामुळे दोन्ही प्रश्नांची तीव्रता सारखी नाही. तरी दोन्हींकडे एक गोष्ट समान आहे: निवडलेला घटक जितका मोठा, तितकी आकडेवारीच्या आड जाणारी माणसे जास्त.

रेषा कागदावर आली तरी जमिनीवर ती कुठे आहे, हे ठरायचेच होते. नदीचे पात्र सीमा मानायचे, तर पात्र बदलल्यावर काय करायचे? गंगा-पद्मेच्या पात्रात दर पुरानंतर काही चर, म्हणजे गाळाची बेटे, बुडतात आणि काही नवे वर येतात. मग त्यावर पीक कोणी घ्यायचे, हा तंटा सुरू होतो. असे काही वाद सोडवण्यासाठी स्वीडनचे न्यायाधीश ॲल्गॉट बॅगे यांच्या अध्यक्षतेखाली न्यायाधिकरण नेमावे लागले. त्याचा निकाल १९५० मध्ये आला. पुढे १९५८ मध्ये नेहरू आणि फिरोजखान नून यांच्यात करार झाला, पण बेरुबाडी या भागाच्या हस्तांतरावरून तोही न्यायालयात अडकला. आखणी हा शेवटचा टप्पा आहे, असे राजधानीत मानले जात होते. सीमेवर तो पहिला टप्पा ठरला.

दोन्ही बाजूंचा एकत्र अभ्यास

व्हान शेंडेल यांच्या कामाचे खरे वेगळेपण पद्धतीत आहे. मिशील बाउड यांच्यासह १९९७ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी जगभरच्या सीमाप्रदेशांच्या तौलनिक इतिहासाची रूपरेषा मांडली. त्यातला आग्रह असा, की सीमेच्या एका बाजूचा अभ्यास हा अपुराच अभ्यास होय. सीमा जरी दोन राज्यसंस्थांना वेगळे करत असली, तरी तिच्या दोन्ही बाजूंचा मिळून एक सीमाप्रदेश असतो. त्यात राज्यसंस्था, स्थानिक वजनदार मंडळी आणि सामान्य लोक या तिघांचे संबंध काळानुसार बदलत राहतात. कधी स्थानिक पुढारी राज्यसंस्थेच्या बाजूने उभे राहतात, तर कधी लोकांच्या बाजूने, आणि कधी केवळ स्वतःच्या व्यापाराच्या बाजूने. या बदलत्या जुळणीवर सीमा शांत राहील की पेटेल, हे अवलंबून असते.

या पद्धतीला साधनेही वेगळी लागतात. मंत्रालयांमधला पत्रव्यवहार त्यासाठी पुरत नाही. जिल्हा आणि ठाणे पातळीवरचे अहवाल, सीमेवरच्या चकमकींच्या नोंदी, स्थानिक वृत्तपत्रे आणि लोकांच्या तोंडून ऐकलेला इतिहास यांची सांगड घालावी लागते. ठाण्याच्या अहवालात कुणाची बैलजोडी पळवली, कुणाचे भात कापून नेले, कोण नदीत मासे धरताना पकडला गेला, अशा बारीक नोंदी असतात. राजधानीपर्यंत पोचेपर्यंत या नोंदींचा ‘सीमेवरील घटना’ एवढा एकच आकडा होतो. संशोधकाने तो आकडा उलगडून पुन्हा माणसांपर्यंत नेला.

हे काम एकट्याचे नाही. जया चटर्जी यांनी १९९९ मध्ये रॅडक्लिफ रेषा प्रत्यक्षात सीमा कशी बनत गेली, याचा अभ्यास मांडला. त्याच वर्षी रणबीर समद्दार यांचा बांगलादेशातून पश्चिम बंगालमध्ये होणाऱ्या स्थलांतरावरचा ग्रंथ आला. रीस जोन्स यांनी भारताच्या कुंपणाची अमेरिका आणि इस्रायलच्या भिंतींशी तुलना केली. मालिनी सूर यांनी ईशान्येच्या सीमेवरील वावराचा आणि नागरिकत्वाचा माग घेतला. या सगळ्यांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत, पण सीमेकडे सीमेवरून पाहण्याची रीत त्यांनी मिळून रुजवली आहे.

छिटमहलांचा धडा

राजधानीतून आखलेले धोरण सीमेवर कसे दिसते, याचा सर्वांत बोलका पुरावा म्हणजे छिटमहल. एका देशाच्या मालकीचा, पण चहूबाजूंनी दुसऱ्या देशाने वेढलेला जमिनीचा तुकडा म्हणजे छिटमहल. बांगलादेशाच्या हद्दीत भारताचे १११ आणि भारताच्या हद्दीत बांगलादेशाचे ५१ छिटमहल अदलाबदलीच्या यादीत होते. भारतीय छिटमहलांचे क्षेत्र १७,१६० एकर होते, तर बांगलादेशी छिटमहलांचे ७,११० एकर. काही छिटमहलांच्या पोटात दुसऱ्या देशाचे छिटमहल होते. दहाला खगडाबाडी हा भारताचा पावणेदोन एकरांच्या आसपासचा तुकडा तर तिहेरी वेढ्यात होता: भोवती बांगलादेशाचे गाव, त्याभोवती भारताचा छिटमहल आणि त्याभोवती बांगलादेश. जगात असे दुसरे उदाहरण नव्हते.

कूचबिहारचा महाराजा आणि रंगपूरचा फौजदार यांनी बुद्धिबळात गावे पणाला लावली आणि त्यातून हे तुकडे तयार झाले, अशी दंतकथा प्रचलित आहे. संशोधनाने ती बाजूला सारली. अठराव्या शतकाच्या आरंभी मोगल आणि कूचबिहार यांच्यात लढाया झाल्या. १७१३ च्या तहानंतर ज्या सरदारांच्या ताब्यात ज्या जमिनी होत्या, त्या तशाच राहिल्या, मग त्या दुसऱ्याच्या मुलखात का असेनात. दोन्ही मुलूख इंग्रजांच्या सत्तेखाली असेपर्यंत याचा कोणालाच त्रास नव्हता. मोगल मुलखाचा वारसा पाकिस्तानकडे गेला, १९४९ मध्ये कूचबिहार संस्थान भारतात विलीन झाले, आणि महसुली नकाशावरचे हे ठिपके अचानक परराष्ट्रात अडकले.

व्हान शेंडेल यांनी २००२ मध्ये छिटमहलांवर लिहिलेल्या निबंधात तिथल्या रहिवाशांची स्थिती राज्यविहीन अशी मांडली. ती नेमकी कशी होती, हे एका नियमावरून कळते. ऑक्टोबर १९५२ मध्ये भारत आणि पूर्व पाकिस्तान यांच्यात पासपोर्ट आणि व्हिसा लागू झाला. छिटमहलातल्या माणसाला आपल्या देशाचा पासपोर्ट काढायचा, तर आपल्या देशातल्या कचेरीत जायला हवे. तिथे जाण्यासाठी परक्या देशातून वाट काढायला हवी, आणि ती कायद्याने काढायची, तर हातात पासपोर्ट आणि व्हिसा हवा. म्हणजे कायदेशीर होण्यासाठी आधी कायदा मोडणे भाग होते. नियम करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. ही माणसे त्यांच्या डोळ्यांसमोरच नव्हती.

याचे परिणाम रोजच्या जगण्यात उमटले. छिटमहलात स्वतःच्या देशाचा पोलीस येऊ शकत नव्हता आणि भोवतालच्या देशाच्या पोलिसाला तिथे अधिकार नव्हता. शाळा नव्हती, दवाखाना नव्हता, वीज नव्हती. मुलांना शाळेत घालण्यासाठी शेजारच्या गावातल्या ओळखीच्या माणसाचे नाव बाप म्हणून लावले जाई. बाळंतपणासाठी सरकारी रुग्णालयात जाणारी स्त्री नवऱ्याच्या जागी भलत्याच माणसाचे नाव सांगत असे. जमिनीची खरेदी-विक्री साध्या कागदांवर होई, कारण नोंदणीची कचेरी दुसऱ्या देशात. तंटे मिटवायला लोकांनीच समित्या नेमल्या. हे लोक हताश बसून राहिले नाहीत, यावर व्हान शेंडेल यांचा विशेष भर आहे. त्यांनी स्वतःची व्यवस्था उभी केली. मात्र ती नेहमीच न्याय्य होती असे नाही. बळी तो कान पिळी हा नियम तिथेही चालला.

प्रश्न सोडवण्याचा मार्ग माहीत नव्हता, असे मुळीच नाही. १६ मे १९७४ रोजी इंदिरा गांधी आणि शेख मुजीबुर रहमान यांनी भू-सीमा करारावर सह्या केल्या. अदलाबदलीचे तत्त्व त्यात मान्य झाले होते. बांगलादेशाने त्याच वर्षी घटनादुरुस्ती केली. भारतात मात्र १९६० च्या बेरुबाडी प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या मतामुळे भूभाग देण्यासाठी घटनादुरुस्ती आवश्यक होती, आणि एक इंचही जमीन सोडायची नाही या घोषणेपुढे ती करण्याचे धैर्य कोणत्याही सरकारला दीर्घकाळ झाले नाही. दहाग्राम-अंगरपोता या सर्वांत मोठ्या बांगलादेशी छिटमहलाला जोडणारी तीन बिघा ही जेमतेम पावणेदोनशे मीटर लांबीची पट्टी २६ जून १९९२ रोजी खुली झाली, तीही दिवसातल्या ठरावीक तासांपुरती. चोवीस तास वाहतुकीसाठी २०११ उजाडावे लागले.

२०११ मध्येच दोन्ही देशांनी मिळून शिरगणती केली. भारतीय छिटमहलांत ३७,३३४ आणि बांगलादेशी छिटमहलांत १४,२१५ माणसे आढळली. मे २०१५ मध्ये शंभरावी घटनादुरुस्ती संसदेत एकाही विरोधी मताशिवाय मंजूर झाली. ३१ जुलै २०१५ च्या मध्यरात्री अदलाबदल झाली. भारताच्या वाट्याला सुमारे दहा हजार एकर कमी आले आणि त्याने देशाचे कोणतेही नुकसान झाले नाही. कारण त्या जमिनीवर भारताचा अंमल कधी चाललाच नव्हता.

त्यानंतरचा तपशील अधिक उद्बोधक आहे. रहिवाशांना नागरिकत्व निवडण्याची मुभा होती. बांगलादेशातल्या भारतीय छिटमहलांतून हजाराहून कमी लोक भारतात आले; भारतातल्या बांगलादेशी छिटमहलांतून बांगलादेशात जाण्याचा पर्याय कोणीही निवडला नाही. जवळजवळ सर्वांनी आपले घर, शेत आणि शेजार निवडला. चार दशकांच्या चर्चेत दोन्हीकडच्या राजकारणाने ज्या निष्ठेची काळजी वाहिली, तिची गाठ पायाखालच्या जमिनीशी होती. सीमेवर जाऊन विचारणाऱ्या संशोधकांना हे उत्तर आधीपासून माहीत होते.

कायदा आणि रीत

सीमेपलीकडच्या व्यवहारांविषयी व्हान शेंडेल यांनी इट्टी अब्राहम यांच्यासह २००५ मध्ये संपादित केलेल्या ग्रंथात एक उपयुक्त भेद मांडला. राज्यसंस्था एखादा व्यवहार कायदेशीर किंवा बेकायदा ठरवते. समाज तोच व्यवहार रास्त किंवा गैर मानतो. हे दोन निवाडे नेहमी जुळत नाहीत. बहिणीच्या लग्नाला नदी ओलांडून जाणारा भाऊ कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार ठरतो. गावाच्या दृष्टीने न जाणारा भाऊ दोषी असतो. उलट मुलींची विक्री दोन्ही मापांनी गुन्हा आहे. सीमाधोरण या दोघांना एकाच कलमाखाली आणते, तेव्हा खऱ्या गुन्हेगाराला गर्दीत लपायला जागा मिळते आणि ज्याची साक्ष पोलिसांना हवी असते, तो भाऊ घाबरून गप्प बसतो.

गुरांचा व्यापार हे याचे ठळक उदाहरण आहे. भारतातून बांगलादेशात गुरे पाठवणे बेकायदा होते. तीच गुरे पलीकडे पोचली, की बेवारस म्हणून नोंदली जात आणि दर जनावरामागे ठरावीक शुल्क भरल्यावर पावतीनिशी कायदेशीर होत. एकच बैल काही शे मीटरांत गुन्ह्याचा मुद्देमाल होता आणि करपात्र मालही होता. या तफावतीवर दोन्हीकडचे दलाल, वाहतूकदार आणि भ्रष्ट कर्मचारी पोसले गेले. गोळी लागली ती बहुधा रात्री गुरे हाकणाऱ्या मजुराला. २०१५ च्या सुमारास भारताने पहारा कडक केल्यावर बांगलादेशात गोपालन वाढले आणि आयात झपाट्याने घटली. पहाऱ्याचा परिणाम झाला, हे मान्य केले पाहिजे. पण तो टिकला, कारण पलीकडच्या शेतकऱ्याला गुरे पाळणे परवडू लागले.

दोन्ही सरकारांनी ठरवले, तर मालाला सीमा आडवी येत नाही, हे मेघालयात दिसते. तिथल्या खाणींतला चुनखडक सुमारे १७ किलोमीटर लांबीच्या वाहक-पट्ट्यावरून सीमा ओलांडून थेट बांगलादेशातील छातक येथील सिमेंट कारखान्यात जातो. त्याच मेघालयातले गारो आणि खासी शेतकरी पिढ्यान्‌पिढ्या आपली संत्री, सुपारी आणि विड्याची पाने खालच्या मैदानातल्या बाजारांत विकत आले होते. फाळणीने डोंगर आणि बाजार यांची ताटातूट केली. मोठ्या कारखान्याला मिळालेला रस्ता छोट्या शेतकऱ्याला मिळायला २०११ पर्यंत थांबावे लागले.

कुंपण

१९८५ च्या आसाम करारानंतर सीमेवर कुंपण घालण्याचा निर्णय झाला आणि आजवर सुमारे ३,२०० किलोमीटर कुंपण उभे राहिले आहे. ते सीमारेषेवर नाही. १९७५ च्या संयुक्त मार्गदर्शक तत्त्वांनुसार शून्य रेषेपासून १५० यार्डांच्या आत संरक्षणाची बांधकामे करायची नाहीत. म्हणून कुंपण बहुतेक ठिकाणी भारताच्या हद्दीत आत सरकले, आणि भारतीयांची शेते व काही वस्त्या कुंपणाच्या पलीकडे, पण भारतातच राहिल्या. तिथल्या शेतकऱ्याला आपल्याच शेतात जाण्यासाठी ठरावीक वेळी उघडणाऱ्या दारावर ओळखपत्र जमा करावे लागते. दार बंद व्हायच्या आत परतावे लागते. रात्री कोणी आजारी पडले, तर पहारेकऱ्याने कुलूप उघडेपर्यंत वाट पाहावी लागते. कोणते पीक घ्यायचे, हेही दृश्यमानतेच्या निकषावर ठरते. ताग उंच वाढतो आणि आड करतो, म्हणून त्याला हरकत घेतली जाते. देशाच्या सुरक्षेसाठी सर्वाधिक किंमत मोजणारा हा नागरिक सुरक्षेच्या हिशेबात कुठेच मांडला जात नाही.

जानेवारी २०११ मध्ये कुंपण ओलांडताना गोळी लागून एका किशोरवयीन बांगलादेशी मुलीचा मृत्यू झाला आणि तिचा देह काही तास तारांवर लटकत राहिला. त्या छायाचित्राने बांगलादेशात जो क्षोभ उसळला, त्याने अनेक वर्षांच्या राजनैतिक मेहनतीवर पाणी पडले. सीमेवरच्या बंदुकीचा प्रत्येक चाप परराष्ट्रधोरणाचा भाग असतो, हे यातून दिसून आले.

यावर सुरक्षा यंत्रणांचा आक्षेप गंभीर आहे आणि तो गंभीरपणेच घ्यायला हवा. बनावट नोटा, अमली औषधे, शस्त्रे आणि माणसांचा व्यापार हे सीमेवरचे वास्तव आहे. ईशान्येतल्या सशस्त्र गटांनी पलीकडे तळ ठोकले होते. आसाम आणि त्रिपुरातल्या स्थानिक समाजांना लोकसंख्येच्या बदलाची वाटणारी भीती खोटी म्हणून उडवून लावता येत नाही. त्रिपुरात मूळ आदिवासी अल्पसंख्य झाले, हा इतिहास आहे. सार्वभौम राष्ट्राला आपल्या सीमेवर कोण येतो-जातो हे पाहण्याचा अधिकार आहे आणि ते त्याचे कर्तव्यही आहे.

सीमेवरून केलेले संशोधन हा अधिकार नाकारत नाही. त्याचा प्रश्न साधनांचा आहे. अशा सशस्त्र गटांपैकी एक असलेल्या उल्फाचे नेते बांगलादेशात वर्षानुवर्षे सुरक्षित होते. २००९ मध्ये ढाक्यात सहकार्य करणारे सरकार आले, तेव्हा त्यांच्यापैकी अनेक जण भारताच्या ताब्यात आले. ही कामगिरी तारांनी केली नाही, तर शेजाऱ्याच्या विश्वासाने केली. समुद्री हद्दीचा वादही आंतरराष्ट्रीय लवादाकडे गेला. जुलै २०१४ मध्ये निकाल आला आणि वादग्रस्त क्षेत्राचा मोठा भाग बांगलादेशाला मिळूनही भारताने तो मानला. जिथे संबंध नीट आहेत तिथे कुंपणाला अर्थ येतो. जिथे ते बिघडतात तिथे कुंपण कितीही उंच केले, तरी पुरत नाही.

संशोधनाच्या मर्यादा

या अभ्यासपद्धतीलाही मर्यादा आहेत. सीमावासीयांच्या चतुराईवर भर देताना त्यांच्यातली सत्तेची उतरंड कधी कधी मागे पडते. सीमा ओलांडण्याचा फायदा व्यापाऱ्याला आणि धोका मजुराला, स्त्रीला आणि मुलाला, ही वाटणी प्रत्येक अभ्यासात तितक्याच ठसठशीतपणे येत नाही. स्मृतींवर आधारलेला इतिहास स्मरणाऱ्याच्या आजच्या गरजांनी रंगतो. दोन्ही देशांतली कागदपत्रे सारख्या प्रमाणात खुली नाहीत, त्यामुळे एका बाजूचे चित्र अधिक भरीव आणि दुसऱ्या बाजूचे विरळ राहते. शिवाय ‘काय चुकते’ हे सांगणाऱ्या ग्रंथांत ‘मग काय करावे’ याचे उत्तर अनेकदा मोघम असते. या उणिवा खऱ्या आहेत. पण त्यावर उपाय अधिक अभ्यास, विशेषतः दोन्ही देशांतल्या अभ्यासकांनी मिळून केलेला अभ्यास, हाच आहे. आज त्याच अभ्यासाला सर्वाधिक अडथळे आहेत. सीमाभागात जायला परवानगी मिळणे कठीण असते, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ढाक्यात सत्तांतर झाल्यानंतर दोन्हीकडचे येणेजाणे आणखी आक्रसले.

धोरणासाठी

सीमेवरून पाहिले तर धोरण कसे बदलते, याचा एक नमुना उपलब्ध आहे. २०१० च्या सामंजस्य करारानुसार २३ जुलै २०११ रोजी मेघालयातल्या कलाईचर येथे पहिला सीमा हाट सुरू झाला. पुढे बालाट येथे आणि त्रिपुरातही हाट उघडले. सीमेपासून पाच किलोमीटरांच्या आत राहणाऱ्यांना ओळखपत्रावर, व्हिसाशिवाय, ठरावीक दिवशी तिथे खरेदी-विक्री करता येते. खरेदीला मर्यादा आहे आणि दोन्ही देशांची चलने चालतात. राष्ट्रीय व्यापाराच्या आकडेवारीत या हाटांची उलाढाल नगण्य आहे. पण भाजीपाला, फळे आणि कापड विकणाऱ्या कुटुंबाला कायदेशीर कमाई मिळते, दुरावलेल्या नातलगांची भेट होते आणि पहारेकऱ्याला गावातला माणूस ओळखीचा होतो. चोरट्या वाटेने होणारा व्यवहार उघड्यावर आणण्याचा याहून स्वस्त मार्ग दुसरा नाही.

याच दिशेने आणखी काही गोष्टी करण्याजोग्या आहेत. कुंपणापलीकडे अडकलेल्या भारतीय कुटुंबांचे पुनर्वसन किंवा चोवीस तास प्रवेश, यांपैकी एक पर्याय त्यांना निश्चित मुदतीत मिळाला पाहिजे. सीमेवरच्या प्रत्येक मृत्यूची दोन्ही देशांनी मिळून चौकशी करून निष्कर्ष जाहीर केला पाहिजे. चर आणि बदलत्या पात्रांच्या मोजणीचे काम तंटा झाल्यावर करण्याऐवजी दर पावसाळ्यानंतर संयुक्तपणे झाले पाहिजे. आणि सीमाविषयक कोणताही नवा नियम लागू करण्यापूर्वी तो सीमेवरच्या ग्रामपंचायतींसमोर ठेवला पाहिजे. १९५२ चा पासपोर्टचा नियम अशा एका तरी सभेत वाचला गेला असता, तर त्यातली चूक तिथल्या तिथे कोणीही दाखवून दिली असती.

छिटमहलांचा प्रश्न १९४७ मध्ये जन्मला, १९७४ मध्ये त्याचे उत्तर लिहिले गेले आणि २०१५ मध्ये ते अमलात आले. त्यानंतरही तिथल्या जमिनींचे हक्क कागदावर आणण्यासाठी पश्चिम बंगालला २०१८ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. मधल्या दशकांत दोन्ही राष्ट्रांच्या सुरक्षेत कशाचीही भर पडली नाही. पन्नास हजारांहून अधिक माणसांची आयुष्ये मात्र त्यात गेली. सीमेवर काय चालले आहे, हे सांगणारे अभ्यास आज उपलब्ध आहेत. ते वाचून, तपासून आणि पटल्यास अमलात आणून धोरण आखणे ही दिल्ली आणि ढाका या दोघांचीही जबाबदारी आहे, आणि तसे ते आखले जावे, हा आग्रह धरणे नागरिकांची.